नामपूरच्या वाटेवरचा काळा धूर

नाशिकहून नामपूरला गाडीने जायला चार तास पुरेसे होतात. आम्हाला सकाळपासून दिवस मावळेपर्यंत लागले, आणि तो दिवस परत दिला तर मी पुन्हा तितकाच वेळ लावून जाईन. बागलाणात बघण्यासारखं काय आहे असं कोणी विचारलं की बाकीचे साल्हेर-मुल्हेरचे किल्ले सांगतात. मी सटाण्यातलं चिंचेच्या झाडाखालचं एक गॅरेज सांगतो.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. गाडीत आम्ही तिघंच होतो. मी अंबडच्या एका कारखान्यात तपासणी विभागात होतो. यंत्रावरून उतरलेला प्रत्येक सुटा भाग मापून बघायचा, बरोबर असला तर पुढे पाठवायचा आणि नसला तर परत, एवढंच माझं काम. पंधरा वर्षं हे केल्यावर माणसाला वाटायला लागतं की जगातली कोणतीही चूक आपल्या नजरेतून सुटत नाही. माझी बायको मंगल शाळेत शास्त्र शिकवायची. तिला माझ्याबद्दल असं कधीच वाटलेलं नाही. आणि पुढच्या सीटवर आई. वय सत्तरीला टेकलेलं, दोन्ही गुडघे दुखरे, जीभ मात्र ठणठणीत.

गाडी जुनी, पांढरी, पेट्रोलवर चालणारी. तिचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. शेवटी तिचा कशातच दोष निघाला नाही, मग उगाच बदनामी कशाला?

आईच्या मांडीवर कापडी पिशवी होती. तिच्यात आमच्या कुळाचे देव होते, म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेले पाच टाक. सोबत पितळी घंटा, नारळ आणि अक्षतांचे तांदूळ. या देवांपायी आई आणि नामपूरचे आप्पाकाका अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. आजोबा गेले तेव्हा आप्पाकाका म्हणाले, देव शेतावरच्या घरात राहू द्या, ते इथलेच आहेत. आई म्हणाली, थोरल्या घराचा मान थोरल्याकडे. माझे वडील थोरले, पण ते या दोघांच्या मध्ये कधी पडले नाहीत. आईने पाचही टाक पदरात बांधले आणि सरळ एसटीत बसली. पुढे वडीलही गेले. आप्पाकाका तेराव्यापर्यंत आमच्याकडे थांबले, पण वहिनीशी एक शब्द बोलले नाहीत, आणि वहिनीनेही त्यांना चहा मंगलच्या हातून पाठवला.

आता त्यांच्या मुलीचं लग्न निघालं होतं आणि त्यांचं पत्र आलं. पत्र चारच ओळींचं. ‘वहिनी, पोरीचं लग्न आहे. मांडवाच्या दिवशी देव घेऊन या. दिवसाउजेडी आले पाहिजेत, नाहीतर देवक बसणार नाही. वाट बघतो.’

आईने ते पत्र दोन दिवस उशाखाली ठेवलं. मग म्हणाली, “जाईन. पन वाटंत काही आडवं आलं तर मागं फिरायचं. देवांच्याच मनात नसंल तर मला जोर नाय करायचा.”

मी लगेच हो म्हणालो. आमच्या गाडीच्या मनात काय आहे, ते तेव्हा मला कुठे ठाऊक होतं?

मखमलाबाद नाका ते विंचूर

डिसेंबरची सकाळ, बोटं आखडवणारी थंडी. अशा थंडीत आमची गाडी चोक ओढल्याशिवाय सुरू होत नसे. ज्यांनी जुन्या गाड्या चालवल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. चोक म्हणजे इंजिनाच्या श्वासनळीवरचं एक झाकण. गाडीतलं बटण ओढलं की ते मिटतं, हवा कमी जाते आणि पेट्रोल जास्त. थंड इंजिनाला ते लागतं. इंजिन तापल्यावर बटण सोडून द्यायचं, नाहीतर गाडी नुसतं पेट्रोल पीत राहते. आमच्या गाडीचं बटण डॅशबोर्डच्या खाली, डाव्या सीटच्या बाजूला तिरपं आलेलं होतं. त्याची खाच झिजली होती, त्यामुळे ओढून ठेवलं तरी ते स्प्रिंगने परत आत जायचं. त्यावर मी अक्कल लढवली होती. बटण ओढायचं आणि त्याच्या दांडीला कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा लावायचा. इंजिन तापलं की चिमटा काढायचा आणि तो पुढच्या कप्प्यात ठेवायचा. त्या दिवशीही मी हे सगळं शिस्तीत केलं. चिमटा कप्प्यात पडलेला मी डोळ्यांनी पाहिला. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे दिवसभर मी तीच सगळ्यांना सांगत होतो.

आई आत बसली. गुडघ्यांवर तिची जाड शाल घेतली, तिच्या आत पिशवी. देवांना थंडी वाजू नये म्हणून, असं ती म्हणाली. आम्ही निघालो.

चांदोरीपर्यंत सगळं ठीक होतं. मग गाडीला दम लागल्यासारखं व्हायला लागलं. पाय दाबला तर ओढ नाही, पाय सोडला तर भकभक. आत पेट्रोलचा वास आला. आरशात बघितलं तर मागे काळा धूर, इतका की मागचा स्कूटरवाला नाकाला रुमाल लावून पुढे आला आणि जाताना माझ्याकडे वळून काहीतरी बोलला. काय बोलला ते ऐकू आलं नाही, पण अंदाज आला.

“वास येतोय,” आई म्हणाली.

“थंडीमुळे आहे. तापली की जाईल,” मी म्हणालो.

“ती कधीच तापली आहे,” मागून मंगल म्हणाली.

निफाडच्या अलीकडे द्राक्षबागांच्या कडेला पहाटेच्या शेकोट्या अजून धुमसत होत्या. थंडीने मणी तडकू नयेत म्हणून बागाईतदार रात्रभर असा धूर करतात. मी गाडी बाजूला घेतली तर एक जण बागेतून बाहेर येऊन कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

“सायेब, बंद करू नका,” तो म्हणाला. “तशीच बागंतून दोन फेरे मारा. आमचं सरपन वाचंल.”

मंगल इतकी हसली की मलाही हसावं लागलं. आई हसली नाही. तिने फक्त शालीवरून पिशवी चाचपली. त्या चाचपण्याची मला त्या धुरापेक्षा जास्त काळजी वाटली.

विंचूरला लाल कांद्याचे ट्रॅक्टर ओळीने उभे होते आणि साऱ्या गावाला कांद्याचा वास होता. तिठ्याजवळ ट्रॅक्टर दुरुस्त करणारा एक जण भेटला. मी गाडी उभी केली, बॉनेट उघडलं, आम्ही तिघं खाली उतरलो. आई पिशवी उराशी धरून लिंबाखालच्या बाकावर जाऊन बसली. देवांना गाडीत एकटं सोडायचं नाही, हा तिचा नियम.

मी त्याला माझ्या पद्धतीने सगळं सांगितलं. धूर काळा, निळा नाही, म्हणजे ऑइल जळत नाही. वास पेट्रोलचा. चोक बंद आहे, चिमटा काढलेला आहे.

“कसला चिमटा?” तो म्हणाला. मी तो कप्प्यातून काढून दाखवला. तो माझ्याकडे जरा काळजीने बघायला लागला.

मग त्याने एअर फिल्टरचा डबा उघडला आणि आम्ही दोघंही आनंदलो. आत धूळ तर होतीच, शिवाय कांद्याची चार-पाच लाल टरफलं चिकटलेली. “बघा! नाकात कांदा गेल्यावर मानूस तरी काय करील? हवा कमी, पेट्रोल जास्त, धूर काळा,” तो म्हणाला. फिल्टर आपटून, फुंकून त्याने परत बसवला. गाडी सुरू केली तर आवाज कसा गोल, धुराचं नाव नाही. आम्ही दोघं लासलगावच्या रस्त्याला एक फेरी मारून आलो. गाडी अशी पळाली की मला गाणं म्हणावंसं वाटलं.

त्या आनंदात मी आणि मंगलने गरम कांदाभजी खाल्ली. आमच्याकडे भज्यांत ओवा घालतात, इथे धणे भरडून घातले होते, आणि सोबत तळलेली मिरची. आईने चहाच घेतला. देव जागेवर बसल्याशिवाय ती अन्न घेणार नव्हती.

“आता?” मी तिला विचारलं.

“चल,” ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर मला तरतरी दिसली. ती बसली, शाल घेतली, आम्ही निघालो. लासलगाव ओलांडेपर्यंत परत काळा धूर.

चांदवड

“दिलीप,” आई म्हणाली, “गाडी मागं घे.”

आई मला नावाने हाक मारते तेव्हा विषय संपलेला असतो. पण मंगल पुढे वाकली. “आई, फिल्टर नसेल, दुसरं काही असेल. एकदा चांदवडला दाखवू. डोंगरावर रेणुकामाता आहे. तिच्या पायथ्याशी बघू काय होतंय ते.”

देवीचं नाव घेतल्यावर आईला नाही म्हणता येईना. मंगल शास्त्र शिकवते, पण सून म्हणून तिची तयारी वेगळ्याच विषयात जास्त आहे.

चांदवडच्या गॅरेजवाल्याने आल्या आल्या चारी प्लग काढले. ते इतके काळे होते की त्या काजळीत गावातल्या सगळ्या तान्ह्यांना तीट लावून झाली असती. “विटकरी पायजे सायेब. काळा म्हंजे पेट्रोल लय जातंय,” तो म्हणाला. मी मान डोलवली आणि चोक बंद असल्याचं, चिमटा काढल्याचं त्यालाही सांगितलं. मग त्याने कार्ब्युरेटर खोलला. आतला फ्लोट हलवला, त्याची सुई पेट्रोलने धुतली, प्लग पॉलिश पेपरने घासले. तासभर गेला. आई पलीकडच्या पानाच्या टपरीजवळ स्टुलावर बसून होती, पिशवी उराशी, नजर डोंगराकडे.

त्याने गाडी सुरू केली आणि पुन्हा आवाज गोल. मंगलने माझ्या बाहीला धरून मला बाजूला ओढलं.

“तुम्हाला एक गंमत सांगू? आई उतरल्या की गाडी बरी होते.”

“काहीतरीच बोलू नकोस.”

“मी बघितलं ते सांगितलं. निफाडला आपण कुणीच उतरलो नाही, तिथे धूर चालूच होता. विंचूरला उतरलो, थांबला. इथे उतरलो, थांबला.”

“इथे कार्ब्युरेटर खोलला म्हणून थांबला,” मी म्हणालो. “आणि हे आईच्या कानावर जाऊ देऊ नकोस. ती म्हणेल देवांना मीच नकोशी झाले.”

पंधरा वर्षं तपासणी विभागात काढलेला माणूस हे बोलला. समोर मोजमाप मांडून ठेवलं होतं आणि मी ते उचलून केराच्या टोपलीत टाकलं.

निघताना आईने बजावलं. “आता तिसऱ्यांदा धूर निघाला तर मी कुनाचं ऐकनार नाय.”

देवळ्याच्या अलीकडचा घाट

देवळ्याच्या अलीकडे छोटा घाट आहे. चढ लागला, मी गिअर बदलला, आणि गाडी अशी खोकायला लागली की मागचा कांद्याचा ट्रॅक्टर आमच्या पुढे निघून गेला. ट्रॅक्टरवाल्याने आमच्याकडे दयेने बघितलं. मी गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. खाली सगळी शिवारं दिसत होती, कांद्याच्या लागवडीसाठी पाणी सोडलेले वाफे उन्हात चमकत होते. इतकी सुंदर जागा, आणि गाडीत नुसता पेट्रोलचा वास.

“झालं,” आई म्हणाली. “सांगितलं ना देवांनी? तीनदा सांगितलं. मी त्यांना त्यांच्या घरातून नेलं, ते इसरले नाहीत. आता त्या घरी मला ते नेऊ देत नाहीत.”

आणि आई रडायला लागली. वडील गेले तेव्हाही ती अशी रडली नव्हती. मला एकदम कळलं की तिला मागे फिरायचं नव्हतं. तिला जायचं होतं, फार जायचं होतं, आणि दारात कोणी तोंड फिरवलं तर काय, या भीतीने ती सकाळपासून गोळा होऊन बसली होती. मी म्हणालो, “ठीक आहे आई. फिरवतो.”

“फिरवा,” मंगल म्हणाली. “पण नाशिक इथून सत्तर-ऐंशी किलोमीटर आहे आणि सटाणा पंचवीस. मागं फिरायचं तरी गाडी नीट करायलाच हवी. आधी सटाण्याला नीट करू, मग तिथून फिरू.”

आईने डोळे पुसले, विचार केला, आणि यात तिला काही खोट सापडली नाही. मलाही नाही. मागे फिरण्यासाठी आम्ही पुढे निघालो. त्या वाक्यासाठी मी मंगलचा अजून ऋणी आहे.

सटाणा

चार वाजून गेले होते. दिवस मावळायला दोन तासही नव्हते. देवळ्यात एकाने दगूनाना मिस्त्रीचं नाव सांगितलं होतं. चिंचेच्या झाडाखाली गॅरेज, बाजल्यावर बसलेला साठीचा काटकुळा माणूस, डोक्याला मळका पटका. मी गाडी उभी केली आणि किल्लीकडे हात नेला.

“थांबा!” तो बाजल्यावरून ओरडला. “इंजिन बंद करू नका. कोनी उतरू नका.”

“अहो, पण बॉनेट...”

“डाक्टरकडं जाताना दुखनं घरी ठिवून जाता का? जशी आली तशी बघू द्या मला.”

तो गाडीच्या मागे गेला, धूर बघितला, तळहात धुरासमोर धरला आणि हुंगला. मग माझ्या खिडकीशी आला. मी सुरू केलं. फिल्टर साफ, सुई धुतली, प्लग घासले, चोक बंद, चिमटा... त्याने ते सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, “दोन ठिकानी दाखवली. दोन्हीकडं बरी झाली?”

“हो.”

“मंग परत कशी बिघडली?”

मी कप्प्यातून चिमटा काढून त्याच्यासमोर धरला. मागून मंगल काहीतरी बोलणार होती, पण मीच तिला दटावलेलं, म्हणून ती गप्प राहिली.

“आता एकेक जन उतरा. आधी बाई तुमी,” दगूनाना म्हणाला. मंगल उतरली. भकभक तशीच. “आता सायेब तुमी.” मी उतरलो. भकभक तशीच. तो डोळे मिटून उभा होता, कान गाडीकडे. “आता मावशी तुमी.”

आई पिशवी घेऊन हळूहळू खाली उतरली, आणि इंजिनाचा आवाज बदलला. आधी जरा अडखळला, मग मोकळा झाला. नळीतून काजळीचा एक शेवटचा लोट बाहेर पडला आणि मागून धुराचं नाव नाही.

“परत बसा, मावशी.”

आई बसली, शाल सारखी केली. भकभक.

दगूनाना स्वतःशीच अहिराणीत पुटपुटला, “गाडी बरी शे. गाडीमा काहीच नही.” गाडीत काहीच बिघाड नाही म्हणे! मग तो आईच्या दाराशी आला. “मावशी, रागावू नका. शाल जराशी बाजूला करता का?”

आईने शाल उचलली. आम्ही तिघांनी आत डोकावलं. देवांची पिशवी आईच्या मांडीवर नव्हतीच. गुडघ्यांना भार सोसवेना आणि देव पायाशी ठेवायचे नाहीत, म्हणून तिने सकाळीच समोर हाताला लागलेल्या एका बटणाला पिशवीचे बंद अडकवले होते. ते बटण होतं चोकचं. पाच टाक, घंटा, नारळ आणि तांदूळ, एवढ्या भाराने ते अर्धं बाहेर ओढलेलं होतं. आई उतरली की पिशवी घेऊन उतरायची, बटण आत जायचं, गाडी बरी. आई बसली की पिशवी टांगायची, बटण बाहेर, गाडी आजारी. आणि मी सकाळपासून चिमटा बघून चोक बंद आहे म्हणून सांगत होतो. बटण एकदाही बघितलं नव्हतं.

दगूनानाने आधी पायातल्या चपला काढल्या, पिशवीला हात जोडले, आणि मग म्हणाला, “देव उचला, मावशी.”

आईने पिशवी उचलली. आवाज मोकळा झाला.

“टांगा.” भकभक.

“उचला.” मोकळा.

मंगल चिंचेच्या बुंध्याला धरून हसत होती. मी हसायला लागलो ते मला थांबता येईना, डोळ्यांतून पाणी आलं. आई तेवढी गंभीर होती. तिने दगूनानाला विचारलं, “म्हंजे देव मला अडवीत नव्हते?”

“देव कशाला अडवतील? खाली पडू नये म्हनून ते बिचारे चोक धरून बसले व्हते.”

आईने त्याच्याकडे बघितलं, पिशवीकडे बघितलं, आणि पदर तोंडाला लावून ती जी हसायला लागली ती आमच्याही पुढे गेली. दगूनानाने काही घ्यायला साफ नकार दिला. मग आईनेच त्याला परवाच्या लग्नाचं आमंत्रण दिलं. पुतणीच्या लग्नाचं आमंत्रण, काकूच्या अधिकाराने. सकाळपासून ती पहिल्यांदाच त्या लग्नातली माणूस झाली.

मी विचारलं, “मग, नाशिकला फिरवू?”

“गप बस आन् चालव,” आई म्हणाली. “दिवस चाललाय.”

नामपूर

आता पिशवी खरोखर मांडीवर होती, दोन्ही हातांनी धरलेली. मी म्हणालो, मंगलकडे मागे दे. ती नको म्हणाली. रस्त्याला दोन्हीकडे डाळिंबाच्या बागा होत्या आणि गाडी पळत होती. आई मागे जाणाऱ्या बागा बघत होती. मग म्हणाली, “अकरा वर्सं मी असंच केलं बघ. मनात माझ्या असायचं आन् नाव देवांचं घालायची.” मंगलने मागून तिच्या खांद्यावर हात ठेवला.

गावाबाहेरच्या फाट्यावर मैलाच्या दगडाशी आप्पाकाका उभे होते. पांढरा पायजमा, खांद्यावर उपरणं, केस पार पिकलेले. सूर्य डोंगराला टेकला होता. गाडी थांबली तशी ते आईच्या दाराशी आले, पण दार उघडायला त्यांचा हात होईना.

“कवयनी वाट देखी ऱ्हायनू, वहिनी,” ते म्हणाले. कधीची वाट बघतोय, एवढंच. नंतर कळलं, ते दुपारी बारापासून तिथे उभे होते.

आईने उतरायला पाय हलवला आणि तो हलला नाही. वीसेक किलोमीटर मांडीवर भार घेऊन दोन्ही पाय बधिर झाले होते. पिशवी घेऊन तिला उठता येईना, आणि खाली ठेवणं शक्य नव्हतं. मी माझ्या बाजूने उतरून धावत येत होतो, तेवढ्यात तिने पिशवी पुढे केली.

“भाऊजी, धरा.”

आप्पाकाकांनी उपरण्याला हात पुसले. पुन्हा पुसले. मग दोन्ही हात पुढे करून पिशवी घेतली, कपाळाला लावली, आणि तशीच धरून भर रस्त्यात उभे राहिले. आम्ही कोणीच कोणाकडे बघत नव्हतो.

घरी पोचलो तेव्हा अंगणात ऊन उरलं नव्हतं, पण उजेड होता. आतल्या खोलीत देव्हारा होता. रिकामा, पण घासून लख्ख, आणि पुढे समई तेवत होती. आप्पाकाकांची बायको, म्हणजे माझी काकू, आईच्या कानाशी म्हणाली, “अकरा वर्सं रोज लावतात. मी म्हनायची, देव नाहीत तर दिवा कुनाला? ते म्हनायचे, येतील.” आईने स्वतःच्या हाताने एकेक टाक मांडला. देवक बसलं.

मग जेवण. त्या रात्री खापराचे मांडे होते. नाशिकला आम्ही पुरणपोळी पोळपाटावर लाटतो. इथल्या बायका ती हातांवर फिरवत फिरवत इतकी मोठी करतात की ताटाच्या चारी बाजूंनी खाली लोंबते, आणि मग पालथ्या घातलेल्या खापरावर टाकतात. वर तूप, शेजारी झणझणीत रशी, म्हणजे कटाची आमटी. दिवसभर चहावर राहिलेल्या आईने अडीच मांडे खाल्ले. आप्पाकाका वाढत होते, ती नको म्हणत होती आणि ताट मागे घेत नव्हती.

लग्न झोकात झालं. दगूनाना नवा पटका बांधून आला. पहिल्या पंगतीला बसून झाल्यावर आप्पाकाका त्याला घेऊन आमच्या गाडीकडे गेले आणि दोघं पाऊण तास आत वाकून काहीतरी करत होते. मी जवळ गेलो तर मला हाकलून दिलं.

निघायच्या सकाळी आईने देव्हाऱ्यातले देव उचलले नाहीत. आप्पाकाकांनीच ते पिशवीत भरले. “अहो, राहू द्या हितंच,” आई म्हणाली. “नाही, तुमच्याकडेच राहू द्या,” ते म्हणाले. अकरा वर्षांपूर्वी दोघांनाही देव आपल्याकडे हवे होते. आता दोघंही ते दुसऱ्याला देऊ बघत होते, आणि आवाज तेवढाच चढला होता. शेवटी आप्पाकाकांनी पिशवी गाडीत नेली आणि अडकवली. डॅशबोर्डखाली, चोकपासून वीतभर बाजूला, दोन स्क्रूंनी पक्की बसवलेली एक पितळी खुंटी होती.

“दरसाल देव इथं आणायचे,” ते म्हणाले. “म्हणून तर ही बसवली.”

आईने खुंटीला हात लावला. ती ओटीवरची खुंटी होती. माझे वडील नामपूरला यायचे तेव्हा त्यांची टोपी तिच्यावर असायची. ते गेल्यापासून तिच्यावर कोणी काही अडकवलं नव्हतं, असं काकू म्हणाली. आईने पदराने खुंटी पुसली.

दरसाल आम्ही गेलो. ती गाडी पुढे म्हातारी होऊन गेली आणि नवी आली. तिच्यात हवा आणि पेट्रोल किती घ्यायचं ते गाडीचं गाडीच ठरवते, चोक हा प्रकारच नाही. मी पहिल्याच आठवड्यात नव्याकोऱ्या डॅशबोर्डला भोकं पाडून खुंटी बसवली, तेव्हा बघणाऱ्याने कपाळावर हात मारला. आप्पाकाका आता थकलेत, फाट्यावर खुर्ची टाकून बसतात. आईला दिसायला कमी झालंय. तरी निघताना ती आधी देव खुंटीला अडकवते, मग पुढे वाकते आणि डॅशबोर्डच्या खालून, जिथे आता काहीच नाही तिथे, बोटं फिरवून बघते.

“आत हाय,” ती मला सांगते. “चल.”